प्रिया शिवशरण गैरहजर आहे

सोलापूर
रविवार, २२ जून २०२५, दुपार

ती. अक्कास,
अमृतचा सादर नमस्कार.

सात महिने झाले, मी तुला ना पत्र लिहिलं, ना धड फोन केला. त्याची आधी माफी मागतो. ऑफिसात मार्चअखेर होती, मग चैतालीच्या आईचं आजारपण, मग उन्हाळा, मग शाळा सुरू झाली. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी मी ती इतक्या पटकन एका ओळीत बसवली, की मलाच त्यांचा संशय आला.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मला सहज खोटं बोलता येतं. कागदावर लिहिलेलं वाक्य समोर बसून राहतं आणि आपल्याकडं बघतं. हे कागद डायरीतलेच फाडलेत, कडेला तारखा छापलेल्या दिसतील, तिकडं लक्ष देऊ नकोस.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझ्या अंगणवाडीचं छत दुरुस्त झालं का? मागं तू म्हणाली होतीस, पत्रा उडालाय आणि पोरं समाजमंदिरात बसवते. त्याचं पुढं काय झालं ते मी विचारलंच नाही.

इथली बातमी एकच आहे आणि ती लिहिताना माझं डोकं अजून तापलेलं आहे. शाळेनं बुद्धप्रियाला तीन दिवस गैरहजर लावलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पोरगी तिन्ही दिवस शाळेत होती.

गुरुवारी अकरा वाजता ऑफिसात मोबाइलवर मेसेज आला. ‘आपली पाल्य प्रिया शिवशरण आज शाळेत गैरहजर आहे. कृपया कारण कळवावे.’ मला वाटलं, कॉम्प्युटरची चूक. शुक्रवारी पुन्हा तोच मेसेज. शाळेत फोन लावला तर तिथली मुलगी म्हणते, “सर, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय.” मी म्हटलं, “अहो, सकाळी मी स्वतः तिला बसमध्ये बसवलंय.” तर म्हणे, “बसमध्ये बसवलं असेल सर, पण सिस्टीममध्ये नाही.” एवढी फी भरायची आणि असं उत्तर ऐकायचं!

काल मला सुट्टी होती. मेसेज आल्याबरोबर स्कूटर काढली आणि गेलो. नववी ‘ब’चा वर्ग तळमजल्यावरच आहे. खिडकीतून बघितलं, तर आपली पोरगी तिसऱ्या बाकावर, ताठ बसलेली. मी वर्गशिक्षिकेला बाहेर बोलावलं आणि अक्का, मी आवाज चढवला. शिपाई बघायला लागला इतका चढवला. म्हटलं, “तुमच्या डोळ्यांसमोर बसलेली मुलगी तुम्हाला दिसत नाही?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “दिसते की. पण मी नाव पुकारते तेव्हा ती ‘हजर’ म्हणत नाही. मी काय करू?”

त्या आणखी एक वाक्य बोलल्या. ते पुढं लिहितो.

आधी या शाळेतल्या नावांबद्दल लिहू दे. तू अंगणवाडीच्या रजिस्टरात रोज नावं लिहितेस, तुला गंमत वाटेल. बुद्धप्रियाच्या वर्गात चार ‘अंश’ आहेत: रेयांश, कियांश, विहांश आणि द्रियांश. बाईंनी ‘अंश, फळ्याकडे ये’ म्हटलं की चौघं एकमेकांकडं बघतात आणि कुणीच उठत नाही. एका मुलाचं नाव हृवान आहे. पालकसभेत त्याच्या आईला मी सहज अर्थ विचारला.

“संस्कृत आहे,” त्या म्हणाल्या.

“हो, पण म्हणजे काय?”

“नेटवर होतं. युनिक आहे.”

आणि एक आहे विश्वप्रतापराजे. त्याच्या बापाचं नवी पेठेत साड्यांचं दुकान आहे. पोरगं तसं गरीब आहे, त्याला सगळे ‘विशू’ म्हणतात.

यांच्या नावांबद्दल माझी तक्रार नाही. पोरं त्यांची, हौस त्यांची. माझी तक्रार पुढची आहे. मागं एका पालकसभेत या बाई मला म्हणाल्या, “तुमच्या मुलीचं नाव जरा अवघड आहे हो. आयडी कार्डवर बसत नाही. आणि मुलं हसतात.” अवघड! हृवान सोपं, द्रियांश सोपं, आणि बुद्धप्रिया अवघड! ज्या नावाचा अर्थ ते ठेवणाऱ्या आईबापांना सांगता येत नाही ते तोंडात बसतं, आणि ज्याचा अर्थ पहिलीतल्या पोरालाही विचारावा लागत नाही ते बसत नाही. मी घरी येऊन इंग्रजी अक्षरं मोजली. बुद्धप्रियाची अकरा. विश्वप्रतापराजेची सोळा. सोळा अक्षरं त्या कार्डावर बसतात, कारण ती बसवायची असतात.

हे मी त्या सभेत बोललो असतो तर बरं झालं असतं. बोललो नाही. मी म्हणालो, “हो ना बाई, आम्हीसुद्धा घरी प्रियाच म्हणतो.”

आमच्या घरात तिला कुणीही कधीही प्रिया म्हटलेलं नाही. तुला माहीत आहे. बारशाला आत्या म्हणून तूच तिच्या कानात नाव सांगितलंस, बायकांनी तुझ्या पाठीत धपाधप गुद्दे घातले, आणि भवानी पेठेतल्या आपल्या जुन्या, एवढ्याशा खोलीत तू पदर सावरत ताठ उभी राहून म्हणालीस, “ऐका गं समद्याजणी. नाव अख्खं घ्यायचं. तोडायचं न्हाय. ज्याला तोंड भरून घेता येत न्हाय त्यानं हाकच मारू नये.” शेजारच्या गिरिजाबाई हसत म्हणाल्या, “लई कडक आत्या हाय की!” आणि आपले दादा नातीच्या पाळण्यापाशी बसून नुसते मान हलवत होते.

अक्का, तू मागं विचारलं होतंस, “तितं काय जास्तीचं मिळतं रं, की एवढं लांब गेलास?” त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. विजापूर रोडच्या पुढच्या या सोसायटीचं नाव निसर्गदीप आहे. झाडं दोन आहेत, दोन्ही गेटजवळच्या कुंड्यांत. पाणी भवानी पेठेत चार दिवसांआड यायचं तसंच इथंही येतं. फरक एवढाच की तिथं कमी पडलं तर शेजारी घागर मिळायची, इथं टँकर मागवावा लागतो. शाळेच्या बसचे पैसे वेगळे, देखभालीचे वेगळे. कुणाच्या पोराच्या वाढदिवसाला आपली पोर गेली की तिचाही तसाच करावा लागतो, आलेल्या पोरांच्या हातात परत भेटवस्तू द्यावी लागते. पगार तोच आहे. चैतालीनं शिवण घ्यायला सुरुवात केली आहे, पण ते शेजारी कळू नये म्हणून कपडे पिशवीत झाकून आणते. हे लिहिताना मला लाज वाटते आहे. शिवणाची लाज नाही, त्या पिशवीची.

पण हा सगळा खर्च निदान पावतीवर दिसतो. दुसरा खर्च दारावरच्या पाटीपासून सुरू झाला. पाटीवाल्यानं विचारलं होतं, “पूर्ण नाव टाकू का साहेब? जागा भरपूर आहे.” मी म्हटलं, नको, ‘अ. ध. शिवशरण’ पुरे. ‘ध’ म्हणजे धर्मपाल हे कुणाला कळत नाही. दादांना मी एका अक्षरात घातलं आणि वरून स्वतःला सांगितलं, की सुटसुटीत दिसतं.

समोरच्या घरात गुरुलिंगअण्णा राहतात. निवृत्त माणूस, सोसायटीचे सेक्रेटरी, स्वभावानं चांगले. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी चहाचा थर्मास पाठवला. पाटी वाचून म्हणाले, “शिवशरण? म्हणजे आपलेच की! अक्कलकोटकडचे काय?”

अण्णा लिंगायत आहेत. त्यांच्या संतांना ‘शरण’ म्हणतात; आडनावातल्या त्या ‘शरण’वरून त्यांनी आम्हाला त्यांच्यातलं धरलं. आपलं मूळ गाव अक्कलकोट तालुक्यातलंच, म्हणून मी “हो” म्हणालो. ते ‘हो’ खरं होतं. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

तीन वर्षं मी त्या एका ‘हो’वर राहतोय. मी अण्णांशी कधी खोटं बोललो नाही, असं मी डायरीत दोनदा लिहिलेलं आहे. काल ती पानं काढून वाचली. खरंच, खोटं कुठं नाही. समोरच्यानं चुकीचं धरलं आणि मी त्याला धरू दिलं, एवढंच. नोकरीला लागताना ज्या जातीच्या दाखल्यानं माझ्यासाठी दार उघडलं, तो कपाटात कुलपात आहे. चौदा एप्रिलला आम्ही जुन्या वस्तीत जातो. परत येताना निळा गमछा घडी करून डिकीत ठेवतो आणि गेटमधून आत येतो.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतोय हे तुला कधीच कळलं असेल. तुझ्यापुढं ते कधी लपलं आहे?

बाईंचं ते राहिलेलं वाक्य असं होतं: “मी प्रिया म्हणूनच पुकारणार ना सर? तुम्हीच तर अर्ज दिलाय.”

अक्का, मी अर्ज दिलाय. नऊ तारखेला, शाळा भरायच्या आधीच. मुलीचं नाव बुद्धप्रियाऐवजी ‘प्रिया’ करावे, सोबत प्रतिज्ञापत्र. नववीत बोर्डाची नोंदणी होते. त्याआधी शाळेच्या जनरल रजिस्टरात जे नाव असेल तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर येतं आणि तेच जन्मभर राहतं. शाळेचे क्लार्क शिवयोगी सर उद्या, सोमवारी, अकरा वाजता अशा सगळ्या फायली घेऊन शिक्षण विभागात जाणार आहेत. तिथून मंजुरी आली की जुन्या नावावर लाल शाईची रेघ. अर्ज देताना मी सरांना हळूच विचारलं, “जातीचा रकाना कुणी बघत नाही ना?” ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “कोण बघतंय सर? ज्याला लपवायचाय तोच येऊन विचारतो.” त्यांनी ते सहज म्हटलं. माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं, आणि तरीही मी सही केली.

बाईंनी नवं नाव मंजुरीआधीच हजेरीला घेतलं ही त्यांची चूक आहे, आणि त्याबद्दल मी त्यांना काल बरंच सुनावलं. पण ओरडताना मला माझाच आवाज विचित्र वाटत होता. दुसऱ्याच्या दारात जाऊन स्वतःलाच शिव्या घालणाऱ्या माणसासारखा.

काल घरी आल्यावर मी बुद्धप्रियाला समोर बसवलं. चैताली भाजी निवडत होती, तिनं हात थांबवले.

मी म्हटलं, “तीन दिवस ‘हजर’ का म्हणाली नाहीस?”

“मी हजर होते. प्रियाचं नाव पुकारलं. ती आली नव्हती.”

“उद्धटपणा करू नकोस.”

“नाही करत पप्पा. खरंच कुणी प्रिया नाहीये वर्गात. मी मागंपण वळून बघितलं.”

चैतालीला हसू आलं, तिनं तोंड फिरवलं. मी चिडलो. म्हटलं, “सहावीत रडत कोण आलं होतं? पोरं बुद्धू म्हणतात म्हणून दप्तर कुणी फेकलं होतं? तुझ्यासाठीच केलं ना मी हे?”

ती म्हणाली, “तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता कियांशला सगळे किडा म्हणतात, तो बदलतोय का नाव?” आणि मग: “आत्याला विचारलं का?”

“आत्याचा काय संबंध?”

“नाव तिनं ठेवलंय ना? तिनं ठेवलेलं तिला न विचारता कसं काय काढता? आणि काढायचंच आहे तर आडनावपण काढा. नुसतं प्रिया. काहीच नको मागंपुढं.”

मी विचारलं, ‘हजर’ न म्हणायचं तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, “आजोबांनी.”

आजोबा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. मग कळलं, मागच्या वर्षी मे महिन्यात ती टेंभुर्णीला तुझ्याकडं आली होती तेव्हा तू तिला ती गोष्ट सांगितलीस. तुला ती पाठ आहे, तरी मला ती माझ्या हातानं लिहू दे.

दादांचं शाळेतलं नाव कचरू होतं. आजीनं ठेवलेलं नाव वेगळंच होतं, मास्तरांनी विचारलं नाही आणि आपल्या मनानं रजिस्टरात कचरू लिहिलं. दादा गिरणीत लागले तेही त्याच नावानं. पुढं त्यांनी स्वतः धर्मपाल हे नाव घेतलं, विहारात सगळ्यांसमोर, आणि गिरणीत अर्ज दिला. हजेरी घेणारा कारकून म्हणाला, “कागदावर धर्मपाल, पण मी कचरूच पुकारणार.” दुसऱ्या दिवशी गेटवर त्यानं पुकारलं, “कचरू!” दादा समोर उभे होते. बोलले नाहीत. गैरहजेरी लागली, मजुरी गेली. असे चार दिवस. तू लहान होतीस, घरात त्या आठवड्यात तांदूळ नव्हता, आई दादांना बोलली, “एकदा ‘व्हय’ म्हणा की, काय झिजतंय?” पाचव्या दिवशी कारकून कंटाळून म्हणाला, “धर्मपाल शिवशरण!” आणि दादा म्हणाले, “हजर.”

चार दिवसांची मजुरी देऊन दादांनी ते नाव घेतलं. मी मुलीच्या नावातलं ‘बुद्ध’ घासून पुसून टाकून द्यायला निघालो, आणि त्यासाठी वर प्रतिज्ञापत्राचे पैसे भरले.

आता शेवटचं लिहितो. शाळा, आयडी कार्ड, पोरांचं हसणं, ही सगळी कारणं मी चैतालीला दिली. ती तीन वर्षांपासून होती. मग अर्ज आत्ताच का? मे महिन्यात अण्णा त्यांच्या समाजाच्या डिरेक्टरीचा फॉर्म घेऊन आले. प्रत्येक कुटुंबाची माहिती, फोटो. “तुमचं नाव नाही त्यात, कसं चालेल?” म्हणत स्वतःच पेन काढून लिहायला बसले. माझं नाव, चैतालीचं नाव. उपजातीच्या रकान्यापाशी मी म्हटलं, “ते मी नंतर भरतो.” मग त्यांनी विचारलं, “मुलीचं नाव?”

मी म्हणालो, “प्रिया.”

इतक्या वर्षांत अण्णांशी बोललेलं हे पहिलं धडधडीत खोटं. आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला खोटं सहन होत नाही. म्हणून मी पुढच्या पंधरवड्यात ते खरं करायला शाळेत गेलो. प्रामाणिक माणसानं किती खालच्या पायरीला जावं, याचा हा नमुना आहे.

(इथं मला उठावं लागलं. संध्याकाळी सहाला पुन्हा लिहायला बसलोय.)

बेल वाजली ती अण्णांचीच होती. फॉर्मला लावायला आमचा फोटो हवा होता. हातात तोच फॉर्म. मी त्यांना आत बसवलं. चैतालीनं पाणी आणलं आणि ती आत गेली नाही, दारापाशी उभी राहिली. मी म्हटलं, “अण्णा, हा फॉर्म मला परत द्या. आम्ही तुमच्यातले नाही. आम्ही बौद्ध आहोत. आणि मुलीचं नाव बुद्धप्रिया आहे.”

त्यांनी फॉर्मची घडी घातली. मग म्हणाले, “तीन वर्षं झाली की हो.”

“हो.”

“आमच्या घरी पूजेला आलात. माझ्या बायकोनं ओटी भरली चैतालीची.”

“हो.”

“मी काय तुम्हाला हाकललो असतो काय?”

मला म्हणायचं होतं, नाही. पण अक्का, मला खात्री नाही. आणि त्यांनाही नव्हती, कारण ते उत्तराची वाट न बघता उठले. फॉर्म टीपॉयवर ठेवला. दारात चप्पल घालताना म्हणाले, “आधी सांगायचं की. माणूस तोंडघशी पडतो.” दार त्यांनी हळूच ओढून घेतलं. पुढं काय होईल मला माहीत नाही. उद्यापासून थर्मास येईल की नुसती मान हलेल, ते दिसेलच. त्यांची समजूत घालण्याचं काम माझं नाही, एवढं मात्र मी ठरवलंय. ज्या घरात सात महिन्यांपूर्वी मी तुझी समजूत घातली त्या घरात आता कुणाची घालणार नाही.

ते नोव्हेंबरातलं आता लिहितोच. तू दोन दिवस राहायला आली होतीस. डब्यात शेंगाचटणी, पिशवीत बुद्धप्रियासाठी स्वेटर. गेटवर अण्णा भेटले आणि तू हात जोडून मोठ्यानं म्हणालीस, “जयभीम.” ते गडबडून “नमस्कार, नमस्कार” म्हणाले. मी पटकन म्हटलं, “आमच्या अक्का अंगणवाडीत आहेत, तिकडं सगळ्यांशी सगळं बोलायची सवय.” घरात आल्यावर तुला म्हणालो, “अक्का, इथं नमस्कार म्हणत जा.”

तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, “व्हय का? बरं.” जेवलीस. भांडी घासू लागलीस, चैतालीनं हातातून काढून घेतली. मग म्हणालीस, “तीनच्या एसटीनं जाते. तुज्या भाऊजींना जेवण कोण देणार?” भाऊजी त्या दिवशी पंढरपूरला लेकीकडं होते, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी तुला स्टँडवर सोडलं आणि परत येताना मला हायसं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सात महिने लागले.

तू त्यानंतर फोन केला नाहीस, यावर मी डायरीत लिहिलं होतं, ‘अक्का उगाच रागावली आहे.’ ते पान फाडलं नाही. राहू दे.

पत्राच्या सुरुवातीला मी काय लिहिलंय ते आत्ता वर बघितलं. ‘सादर नमस्कार.’ तुला, माझ्या सख्ख्या बहिणीला! हात आपोआप गेला. खोडावं वाटलं, पण खोडत नाही. तुला दिसू दे, सवय कुठवर पोचली होती.

मी तुझी परवानगी मागत नाही. नाव बदलायची तर नाहीच. नाव ठेवायचीही नाही, कारण ते आधीच ठेवलेलं आहे आणि पोरगी ते सोडायला तयार नाही. रागाव, पण फोन उचल. बुद्धप्रिया शेजारी बसून हे वाचायला मागते आहे, मी दिलं नाही. तिनं एवढंच विचारलं, “माझं नाव लिहिताना कुठं तोडलं नाही ना?” मी सांगितलं, नाही.

दादा रोज झोपायच्या आधी त्यांच्या लाल वहीत उद्याचं एकच काम लिहायचे. दुसरं लिहिलं तर पहिलं टाळायला जागा होते, म्हणायचे. मीही तसंच लिहितो. आजचं तुझ्याच पत्रावर लिहितो, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

जयभीम, अक्का.

तुझा,
अमृत धर्मपाल शिवशरण

उद्याचं काम: हजेरी पुकारायच्या आत शाळेत पोचून अर्ज परत घेणे.